घळीतली वाट कोणी पाडली?

सकाळी साडेसहाला तंबूची चेन उघडली, तर दहा पावलांवर उभी केलेली सायकलसुद्धा धड दिसेना. वरच्या झाडांतून पाणी टपटप गळत होतं, श्रावणात पागोळ्या गळाव्यात तसं. पाऊस मात्र पडला नव्हता. या भागात मे महिन्यात पाऊस जवळजवळ नसतोच. समुद्रावरून आलेलं धुकं पानांवर जमून थेंबाथेंबानं खाली येत होतं.

लॉस एंजेलिसहून किनाऱ्याच्या महामार्गाने पश्चिमेला साधारण ८० किलोमीटर गेलं की पॉइंट मुगू स्टेट पार्क लागतं. सांता मोनिका डोंगररांगेचं हे पश्चिम टोक. ८ किलोमीटरचा समुद्रकिनारा, दोन मोठ्या घळी, मधले गवताळ माळ आणि ११० किलोमीटरहून जास्त लांबीच्या वाटा, एवढा त्याचा पसारा. त्यातली एक घळ म्हणजे बिग सिकॅमोर कॅन्यन. तिच्या तोंडाशीच, महामार्गाला खेटून, तंबू ठोकायच्या जागा आखून दिलेल्या आहेत. बहीण, तिचे यजमान, भाचा आणि मी असे चौघं दोन रात्रींच्या मुक्कामाला तिथे उतरलो होतो. भाच्यानं गाडीच्या मागे दोन डोंगरी सायकली बांधून आणल्या होत्या. मी पुण्यात वाढलेली, शाळा-कॉलेज सगळं सायकलवर केलेलं. पण डोंगरात सायकल घातली नव्हती.

"मावशी, घळीतून वर जायचं, मग डोंगराच्या धारेवर चढायचं आणि धारेवरून परत समुद्राकडे उतरायचं," भाच्यानं नकाशावर बोट फिरवत सांगितलं. "चौदा-पंधरा किलोमीटरचा फेरा आहे. तुला जमेल."

नकाशातली रेघ घळीच्या तळाने सरळ जात होती, मध्येच डोंगरउतारावर नागमोडी होत होती आणि धारेवरून रुंद होऊन खाली येत होती. एकाच फेऱ्यात तीन तऱ्हेच्या रेघा. ही वाट केली कोणी, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "फायर डिपार्टमेंटनं." ते उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धंही नव्हतं. उरलेलं मला त्या दिवशी चढता-उतरताना थोडं दिसलं आणि नंतर वाचताना बरंच समजलं.

आधी धुक्याचं सांगते, कारण पहिला तासभर आम्ही त्यातूनच सायकल चालवली. वसंतात या किनाऱ्याने वायव्येकडून वारा वाहतो. वाऱ्याच्या रेट्याने आणि पृथ्वीच्या फिरण्याने वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं गार पाणी वर येतं. आपल्या कोकणात मे महिन्यात समुद्र एकोणतीस-तीस अंशांवर असतो, इथे तो पंधरा-सोळा अंशांच्या घरात. त्या गार पाण्यावरची हवा निवते आणि तिच्यातली वाफ धुकं बनून राहते. वरून मात्र कोरडी, उबदार हवा खाली दबत असते. पातेल्यावर झाकण ठेवावं तशी ती धुक्याला वर जाऊ देत नाही. मग धुक्याला एकच रस्ता उरतो, आडवा. ते घळींच्या तोंडातून आत शिरतं. इथले लोक या दिवसांना 'मे ग्रे' आणि 'जून ग्लूम' म्हणतात, करडा मे आणि उदास जून. मला त्यात उदास काही दिसलं नाही. ज्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यातच पडतो आणि पुढचे सहा-सात महिने आभाळ कोरडं राहतं, तिथे हे धुकं म्हणजे झाडांना मिळणारं उन्हाळ्यातलं पाणी. आपल्याकडे जून आला की ओढे भरतात, इथे जून आला की आटतात.

फाटक ओलांडून आम्ही घळीत शिरलो. रस्ता रुंद, मातीचा, दोन गाड्या कशाबशा बाजूने जातील एवढा. डाव्या-उजव्या हाताला पांढरट सालीची, वेडीवाकडी वाढलेली सिकॅमोरची झाडं, आणि त्यांच्या आडून वाहणारा बारीक ओढा. दोन-तीन ठिकाणी तो रस्त्यावरूनच जातो, चाकं पाण्यात घालूनच पलीकडे जावं लागतं. मला वाटलं होतं डोंगर म्हणजे पहिल्या पावलापासून छातीवर येणार. पण चढ जाणवेचना. मागे वळून पाहिलं तेव्हा कळलं, आपण चढतोय.

ही मेहेरबानी ओढ्याची. वाहतं पाणी आपला तळ कोरत जातं तेव्हा उगमाकडे तो तीव्र असतो आणि मुखाकडे येता येता पसरट होतो. पाणी वाढत जातं, त्याची गाळ वाहून नेण्याची ताकद वाढते, म्हणून कमी उतारही त्याला पुरतो. बाजूने पाहिलं तर नदीच्या तळाची रेघ हातात धरलेल्या झोळीसारखी वाकलेली दिसते, एक बाजू उभी आणि दुसरी जवळजवळ सपाट. आम्ही त्या सपाट बाजूने आत जात होतो. या वाटेचा पहिला कारागीर पाणी होतं. पुढच्या सगळ्यांनी त्यानं काढलेल्या उताराचा फायदा घेतला.

पण हे पाणी दक्षिणेलाच का उतरलं? या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडलं, म्हणून इथे जरा थांबते. कॅलिफोर्नियातल्या बहुतेक डोंगररांगा किनाऱ्याला समांतर, वायव्य-आग्नेय जातात. सांता मोनिका आणि तिच्या शेजारच्या रांगा मात्र पूर्व-पश्चिम आडव्या पडल्या आहेत. बाकी सगळ्या उभ्या आणि एवढ्याच आडव्या कशा, हे कोडं बराच काळ होतं. १९७९ मध्ये कॅमरलिंग आणि लायेंडाइक या भूशास्त्रज्ञांनी इथल्या खडकांतलं चुंबकत्व मोजून त्याचं उत्तर मांडलं. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहयुक्त कणांचं चुंबकत्व त्या वेळच्या उत्तरेच्या दिशेशी जुळतं आणि तसंच गोठतं. प्रत्येक लाव्हाखडक म्हणजे एक थिजलेलं होकायंत्रच. इथल्या सुमारे १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हातली होकायंत्रं उत्तरेऐवजी भलतीकडेच रोखलेली निघाली. म्हणजे खडक गोठल्यावर अख्खा भूभागच फिरला होता. पॅसिफिक आणि उत्तर अमेरिकी भूपट्ट एकमेकांना घासत सरकताना मधला हा तुकडा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जवळजवळ काटकोनात वळला. रांग आडवी झाली, म्हणून तिच्या घळी दक्षिणेला समुद्रात उतरल्या, आणि म्हणून सकाळचं धुकं थेट आत येतं.

ही युक्ती आपल्या सह्याद्रीनेही जगाला शिकवली आहे. १९५० च्या दशकात दख्खनच्या बेसाल्टचे नमुने असेच मोजले गेले आणि हा लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, याची साक्ष त्या काळ्या दगडाने दिली. सिंहगडाच्या चढावर ज्या कातळाला टेकून आपण ताक पितो, त्यातही तसंच एक होकायंत्र आहे.

घळीच्या आतल्या बाजूला डोकं वर काढून उभा असलेला बोनी माउंटन हा याच लाव्हाचा. त्याचं सर्वांत उंच शिखर, जे साऱ्या सांता मोनिका रांगेतही सर्वांत उंच आहे, त्याचं नाव सँडस्टोन पीक, उंची ९४८ मीटर. नाव वालुकाश्माचं आणि दगड ज्वालामुखीचा. नाव ठेवणाऱ्याने लांबून पाहूनच ठेवलं असावं.

पाण्यानंतर वाट रुळवली ती चुमाश लोकांनी. हजारो वर्षं हा किनारा त्यांचा होता. 'मुगू' हे नाव त्यांच्याच 'मुवू' या शब्दावरून आलं, अर्थ किनारा. समुद्रावरची वस्ती आणि डोंगरापलीकडची वस्ती यांच्यात येणं-जाणं, देवाणघेवाण याच घळीतून चाले. शिंपल्यांचे मणी ओवून ते चलन म्हणून वापरत. वाहून आलेल्या रेडवुडच्या ओंडक्यांच्या फळ्या करून, त्या दोरीने शिवून आणि डांबराने सांधून ते होड्या बांधत, त्यांना तोमोल म्हणतात. घळीच्या वरच्या टोकाला सात्विवा नावाचं त्यांचं गाव होतं. आज तिथे याच नावाचं संस्कृतिकेंद्र आहे. ओकच्या झाडाखाली सायकल टेकवून पाणी पीत होतो तेव्हा भाच्यानं जमिनीवरची ओकची फळं दाखवली. ती कडू असतात. चुमाश बायका ती वाळवून, कुटून, पीठ पुन्हापुन्हा पाण्याने धुऊन कडूपणा काढत आणि मग त्याची पेज शिजवत. पुरणाइतकं नसेल, पण निगुतीनं करायचं काम.

मग आले गुरांचे मालक. १८३६ मध्ये, कॅलिफोर्निया मेक्सिकोत होता तेव्हा, रांचो ग्वादालास्का नावाची १२ हजार हेक्टरांहून मोठी जहागीर इथे दिली गेली आणि ती मिळाली एका बाईला, इसाबेल योर्बा यांना. गुरं चरायला लागली आणि त्यांच्या खुरांनी घळीतली पाऊलवाट रुंद झाली. ग्वादालास्का हे नाव आज सायकलवाल्यांच्या तोंडी आहे ते निराळ्या कारणाने. पार्कातल्या एका लाडक्या अरुंद वाटेचं ते नाव आहे.

धुकं विरळ झालं आणि वास बदलला. ओलसर पालापाचोळ्याच्या वासात एक ओळखीचा, तीव्र, गोडसर-कडवट वास मिसळला. मी सायकल थांबवून उताराकडे गेले. करड्या-हिरव्या, केसासारख्या बारीक पानांचं झुडूप. चिमटीत चुरडलं आणि नाकाशी नेलं तर थेट दवणा! चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर वाहतात तो. नंतर पाहिलं तर माझं नाक चुकलं नव्हतं. हे कॅलिफोर्निया सेजब्रश आणि आपला दवणा, दोघंही आर्टेमिसिया या एकाच कुळीतले. किनाऱ्यालगतच्या या झुडपी रानाचा तो मुख्य रहिवासी. पानं बारीक आणि तेलकट, म्हणजे पाणी कमी उडतं. उन्हाळा फार कडक झाला तर ती पानं गाळून गप्प बसतं.

असे ओळखीचे चेहरे पुढेही भेटत राहिले आणि सगळेच काही दवण्यासारखे प्रेमळ नव्हते. ओढ्याकाठी तीन-तीन पानांची तुकतुकीत वेल-झुडपं होती, कोवळी पानं तांबूस. भाचा एकदम ओरडला, "मावशी, हात नको लावूस!" तो पॉइझन ओक. नावात ओक असला तरी तो ओक नाही, आंबा-काजू-बिब्ब्याच्या घराण्यातला आहे. ज्यांच्या घरी कोणाला बिब्बा उतलेला आहे, त्यांना अधिक सांगायला नको. तशीच आग, तसेच फोड. याच्या चिकात उरुशिऑल नावाचं तेलकट द्रव्य असतं. ते कातडीला चिकटतं, कपड्यांना, टायरला, हँडलच्या मुठीलाही चिकटतं आणि बराच काळ टिकतं. म्हणून अरुंद वाटेवर कोपर आणि नडगी आवरून बसायचं आणि मुक्कामावर पोहोचल्यावर आधी साबणाने अंग धुवायचं, मग चहा.

आणि सराटा! आपल्या माळरानावर अनवाणी पायात घुसणारा तोच सराटा. भूमध्य सागराकडून तो कॅलिफोर्नियात पोहोचला आणि इथे त्याला पंक्चर करणारी वेल अशा अर्थाचं नाव पडलं. हल्लीच्या डोंगरी सायकलीच्या टायरात ट्यूबच नसते. आत थोडा पातळ चीक भरलेला असतो. काटा घुसला की हवेबरोबर तो चीक छिद्राशी येतो आणि तिथेच घट्ट होऊन बसतो. पुण्यात दर पंधरा दिवसांनी पंक्चरवाल्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधलेल्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

आता ती नागमोडी रेघ आली. घळीचा रस्ता सोडून डावीकडे एक हातभर रुंदीची पायवाट डोंगरावर चढते, वुड कॅन्यन व्हिस्टा ट्रेल. बॅकबोन ट्रेल या १०० किलोमीटरहून लांब, साऱ्या रांगेच्या कण्यावरून जाणाऱ्या वाटेचा हा एक तुकडा. असल्या एकाच चाकाच्या रुंदीच्या वाटेला सायकलवाले सिंगलट्रॅक म्हणतात.

इथे गिअरचं मोल कळतं. भाच्याच्या सायकलला पुढे ३२ दात्यांचं एकच चक्र आणि मागचं सर्वांत मोठं चक्र ५१ दात्यांचं. म्हणजे पॅडलचा एक पूर्ण फेरा झाला तरी मागचं चाक पाऊण फेरासुद्धा फिरत नाही. पुढे सरकायचं जेमतेम दीड मीटर. माझ्या लहानपणच्या काळ्या सायकलवर एका पॅडलमागे चाक अडीच फेऱ्यांच्या आसपास फिरायचं. सपाट रस्त्याला ते छान, पण इथे दहा पावलांत उतरायची वेळ आली असती. हलक्या गिअरवर मिनिटाला साठ फेरे मारले तर तासाला पाचेक किलोमीटर होतात, म्हणजे चालण्याचा वेग. मग चालतच का जाऊ नये? मीही चढताना दोनदा हा विचार केला. पण चालताना पाय जमीन मोजतात आणि सायकलवर उतार मोजतात. अर्ध्या अंशाचा फरक मांडीला कळतो. त्यामुळे ही वाट आखणाऱ्याने कुठे दया दाखवली आणि कुठे त्याचा नाइलाज झाला, तेही कळतं.

वाट आखणं हे एक शास्त्र आहे. डोंगरावरून सरळ खाली येणारी वाट सर्वांत जवळची, पण पहिल्याच पावसाळ्यात तिचा ओढा होतो. आपल्या गडांवर अशा शॉर्टकटांनी उघडे पाडलेले लालभडक चर सगळ्यांनी पाहिले असतील. म्हणून वाट आडवी न्यायची. एक साधा नियम असा, की वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. तो जास्त झाला तर पाण्याला वाट ओलांडण्यापेक्षा वाटेनेच जाणं सोपं पडतं. शिवाय सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आसपास ठेवायचा, वाटेचा दरीकडचा काठ किंचित झुकता ठेवायचा आणि अधूनमधून चढत्या वाटेला दोन पावलं उतरवायचं. चढताना ते दोन पावलांचं उतरणं पायांना विसावा वाटतं, पण खरं तर ते पाण्यासाठी असतं. तिथे पाणी वाटेवरून बाहेर पडतं. वाट वळते तिथे, म्हणजे माणसं आडफाटा मारायच्या मोहात पडतील तिथे, झुडूप किंवा दगड ठेवलेला असतो. हे सगळं कोणीतरी कुदळ-फावडं घेऊन, उन्हात वाकून केलेलं आहे. त्यांचं नाव फलकावर नसतं.

आणि त्यात सायकलवाले स्वतः आहेत. डोंगरी सायकलचा जन्म याच राज्यात, इथून वर सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन परगण्यात झाला. तिथल्या काही तरुणांनी १९३०-४० च्या दशकांतल्या जाड टायरच्या जुन्या श्विन सायकली भंगारातून उचलल्या आणि डोंगरावरून खाली सोडल्या. फेअरफॅक्सजवळच्या एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली. साधारण तीन किलोमीटर अंतरात सुमारे ४०० मीटर उतार. पॅडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक चाकाच्या तुंब्यात असायचा. तो इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच पडलं रीपॅक, पुन्हा भरणं. पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्या जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी सांगाडा बनवला. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या सांगाड्यांवर 'माउंटनबाइक्स' नावाने धंदा मांडला. १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. भंगारातून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षं.

वेग आला तशी भांडणंही आली. पायी चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले एकाच हातभर वाटेवर कसे राहणार? १९८० च्या दशकात या रांगेतल्या अनेक वाटा सायकलला बंद होण्याची वेळ आली, तेव्हा इथल्या सायकलवाल्यांनी १९८७ मध्ये कोर्बा ही संघटना काढली आणि पुढच्या वर्षी अशाच कॅलिफोर्नियातल्या संघटनांनी मिळून आंतरराष्ट्रीय संस्था उभी केली. त्यांनी नुसता हक्क मागितला नाही. वाटा दुरुस्त करायला हात लावले, गस्त घातली, नियम शिकवले. सायकलने पायी माणसाला आणि घोड्याला वाट द्यायची, चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यायची, पावसानंतर माती ओली असताना वाटेवर यायचंच नाही. बोनी माउंटनच्या राखीव रानात आजही सायकलला बंदी आहे आणि ती असावी असं मला वाटतं. चाक किती हलकं फिरतं यावर ही बंदी अवलंबून नाही. काही ठिकाणी माणसाचा वेग पायांइतकाच राहिला, तर तिथल्या रानाला उसंत मिळते.

धारेवर पोहोचलो तेव्हा धुकं आमच्या खाली होतं. समुद्र दिसत नव्हता, पांढरा सपाट पसारा फक्त आणि त्यातून वर आलेल्या डोंगरांच्या सोंडा. वर ऊन इतकं, की जाकीट काढावं लागलं. तीनशे मीटर उंचीच्या आसपासचा हा प्रवास, पण पंधरा मिनिटांत थंडीतून उन्हाळ्यात आलो.

धारेवरचा रस्ता पुन्हा रुंद. इथे मात्र भाच्याचं उत्तर बरोबर होतं. हा ओव्हरलूक फायर रोड. आगीचे बंब डोंगरावर नेता यावेत, आग एका अंगाहून दुसऱ्या अंगाला जाऊ नये म्हणून कापलेला. २ मे २०१३ रोजी डोंगराच्या उत्तर अंगाला, तिकडच्या दुसऱ्या महामार्गाच्या कडेला ठिणगी पडली. हिवाळा कोरडा गेला होता, वारा जमिनीकडून समुद्राकडे होता. ती आग ९,८०० हेक्टर जाळत थेट किनाऱ्यापर्यंत आली. हे पार्क बहुतेक सगळं काळं झालं. पुढच्या वर्षी डिसेंबरात मोठा पाऊस झाला तेव्हा उघड्या पडलेल्या डोंगरांवरून चिखल-दगडांचे लोंढे उतरले, किनाऱ्याचा महामार्ग बंद पडला आणि शेजारच्या ला होया कॅन्यनमधली वाट वाहून गेली. पाण्याने दिलेली वाट पाण्यानेच परत घेतली.

हे रान जळायला बनलेलं आहे, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धसत्य आहे. इथली काही झुडपं जमिनीतल्या गाठीतून पुन्हा फुटतात, काहींच्या बिया धुराशिवाय किंवा तापाशिवाय उगवतच नाहीत. पण दोन आगींमध्ये त्यांना पुरेशी वर्षं मिळाली पाहिजेत. आगी फार लवकर लवकर लागल्या की झुडपं थकतात आणि त्यांच्या जागी परदेशी गवत आणि मोहरी येते. धारेच्या एका अंगाला अशी मोहरी माझ्या डोक्याएवढी वाढली होती, पिवळीधमक. फोडणीतल्या मोहरीची ही सख्खी बहीण. दिसायला फार सुंदर. पण जूनमध्ये ती वाळते आणि तिची काटकुळी ताटं पुढच्या आगीचं सरपण होतात. दवण्याच्या वासाचं रान जिथे मोहरीचं झालं, तिथे ते परत यायला माणसाचं आयुष्य लागेल.

आता उतार. चढताना मी आणि सायकल मिळून सुमारे ८५ किलो वजन ३०० मीटर वर नेलं होतं. एवढं काम साधारण एका वडापावातल्या शक्तीत होतं, कारण शरीर खाल्लेल्यापैकी पाव-पंचमांशच कामात आणतं. उरलेली उष्णता होऊन घामातून जाते. उतरताना ती कमावलेली उंची खर्च करायची असते. ती हवेत, टायरमध्ये आणि ब्रेकमध्ये जाते. सगळी ब्रेकमध्येच गेली असती, तर तेवढ्यात लिटरभर गार पाणी आंघोळीच्या पाण्याहून जास्त कडकडीत झालं असतं. म्हणून ब्रेक दाबून धरायचा नाही. सरळ पट्ट्यात, वळणाच्या आधी दाबायचा, वळणात सोडायचा. पुढच्या ब्रेकला घाबरायचं नाही, खरं थांबवणं तोच करतो. फक्त वजन मागे आणि खाली घ्यायचं, पॅडल जमिनीला समांतर ठेवायची, आणि नजर चाकाखाली न ठेवता जिथे जायचं तिथे ठेवायची. मी दगडाकडे पाहिलं की सायकल दगडावर जायची. भाचा मागून ओरडायचा, "वाट बघ मावशी, वाट!" मराठीत त्या वाक्याला दोन अर्थ आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं.

एका वळणावर तो हात वर करून थांबला. वाटेच्या मधोमध रॅटलस्नेक ऊन खात आडवा पडला होता. आम्ही दहा हात दूर उभे राहिलो. पाच मिनिटांनी तो आपला आपण झुडपात गेला. तेवढ्यात खालून दोन घोडेस्वार बायका आल्या. आम्ही सायकली दरीच्या बाजूला घेऊन उतरलो आणि त्यांना मोठ्याने नमस्कार केला. मोठ्यानेच करायचा असतो, म्हणजे घोड्याला कळतं की हे चकाकतं, शिरस्त्राण घातलेलं प्रकरण माणूसच आहे.

खाली उतरलो तेव्हा ब्रेकच्या चकतीतून टिकटिक आवाज येत होता, निवताना आकसणाऱ्या धातूचा. बहिणीने पिठलं टाकलं होतं. शेकोटीचं लाकूड जवळच्याच दुकानातून आणलेलं. लांबून सरपण आणू नका, असं इथे सांगतात, कारण लाकडातून ओक पोखरणारे भुंगेरे नव्या रानात जातात आणि दक्षिण कॅलिफोर्नियात अशा भुंगेऱ्यांनी जुने ओक मारले आहेत. ज्या झाडाच्या फळांनी चुमाश लोकांना पोसलं ते आपल्या एका शेकोटीपायी जाऊ नये. संध्याकाळी महामार्गाच्या पुलाखालून समुद्रावर गेलो. सकाळी चाकं भिजवणारा ओढा तिथे पोहोचलेलाच नव्हता. पुलाच्या अलीकडेच तो वाळूत मुरला होता. आता पुढच्या हिवाळ्यात तो समुद्राला भेटेल.

रात्री भाचा पहाडी सिंहांबद्दल सांगत होता. या रांगेत ते आहेत. २००२ पासून संशोधक त्यांना पट्टे बांधून त्यांचा माग ठेवतात. उत्तरेला आठ-दहा पदरी महामार्ग आडवा असल्याने रांगेत अडकलेल्यांना बाहेरचे सोबती मिळत नाहीत, म्हणून त्या महामार्गावर प्राण्यांसाठी पूल बांधायला २०२२ मध्ये सुरुवात झाली. मोठ्या मांजरांना कुशीत घेऊन नांदणारी महानगरं जगात फार नाहीत. लॉस एंजेलिस आणि आपली मुंबई ही त्यातली दोन. बोरिवलीच्या बिबट्यांचं त्याला मी सांगितलं.

सकाळी निघण्याआधी मी एकटीच फाटकापलीकडे थोडी चालत गेले. रस्ता धुक्याच्या पाण्याने ओलसर होता. आमच्या टायरच्या कालच्या दोन नक्ष्या मातीत स्पष्ट उठल्या होत्या, एक माझी जरा वाकडी. तिच्यावर घोड्याचे नाल. त्यावर रानलाव्यांची बारीक पावलं. आणि या सगळ्यांवरून, ओढ्याकडून डोंगराकडे आडवी गेलेली, हरणाच्या खुरांची ताजी ओळ.